गुंडाळून ठेवलेलं घर

पेंटरभाऊंच्या गोदामात दुपारचा वारा शिरला की राजवाडा हलायचा. आधी खांब किंचित वाकायचे, मग पायऱ्या, आणि पायऱ्यांखालून सगुणाबाईंचा झोपेतला एक पाय दिसायचा. राजवाड्याला लागून घनदाट जंगल होतं आणि त्या जंगलातून लसणाच्या फोडणीचा वास यायचा. त्यापलीकडे बाग, बागेपलीकडे रस्ता. वडशाच्या स्टेशनातून मालगाडी निघाली की हा सगळा मुलूख थोडा वेळ थरथरायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. मी तिथे नोकरी केली, तिथल्या बायांच्या पंगतीत बसून कितीतरी वेळा भात खाल्ला. तरी आज ती जागा डोळ्यांपुढे आणायला गेले की विटा-पत्रे आठवत नाहीत, पडदेच आठवतात. मी याबद्दल बोलू लागले की माझा नवरा म्हणतो, "झालं, तुझं ते स्वप्न पुन्हा सुरू झालं." मी त्याच्याशी फारसा वाद घालत नाही.

पेंटरभाऊ म्हणजे त्या गोदामाचे मालक. त्यांना नाव होतं, पण वडशात ते कुणी वापरत नसे, म्हणून मीही वापरत नाही. उभा जन्म त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवण्यात घालवला. आमच्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्रभराचं नाटक आलंच. ती नाटकं करणाऱ्या कंपन्यांची कार्यालयं वडशात. हंगामात बाजाराच्या रस्त्याने चाललं तर किराणा दुकानांपेक्षा नाटक कंपन्यांचे बोर्ड जास्त दिसतात, आणि गावोगावची माणसं मोटरसायकलींवरून येऊन तारखा ठरवून जातात. एकेकाळी या कंपन्यांचे महाल, दरबार आणि जंगलं पेंटरभाऊंच्या हातची असत. पुढे फ्लेक्स आलं. छापील महाल एका दिवसात मिळू लागला, तेव्हा पेंटरभाऊंनी आपले पडदे कंपन्यांकडून परत आणले, धानाचं एक जुनं गोदाम घेऊन त्यात गुंडाळून ठेवले आणि मागच्या पडवीत स्वतः राहू लागले.

बोलताना ते एक डोळा मिटत. समोरचा माणूस कुठल्या पडद्यापुढे शोभेल, हे ते बघत असावेत, कारण लगेच निकाल देत. "हा बगीच्यात चालन," किंवा "याले दरबारात नाई उभा करता येत, मान वाकते याची." मी ऊर्जानगरच्या कॉलनीत वाढलेली. वडील वीज केंद्रात, रांगेतली क्वार्टर्स, वेळेवर येणारी कंपनीची बस. मला पहिल्याच दिवशी त्यांनी खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "तुले कोनत्याच सीनमधी नाई बसवता येत, बाई. तू लय सरळ चालतं. एन्ट्री कशी, जरा तिरपी घ्याची असते." ते स्वतः खरोखर तिरपे चालत. बाजारातही. समोरून सायकल आली की सायकलवाल्यालाच थांबावं लागे.

चहाच्या कपात ब्रश बुडवायचा आणि रंगाच्या करवंटीतून घोट घ्यायला जायचं, हे तर नेहमीचं. जंगलाच्या पडद्यावरचं आभाळ चहाचं आहे, असं ते अभिमानाने सांगत. "अद्रक होता त्यात. म्हनून संध्याकाळ झाली."

आता आमची संस्था तिथे कशी पोचली, ते सांगते. संस्था लहान. मार खाऊन घर सोडलेल्या बाईबरोबर पोलीस ठाण्यात जाणं, तिला वकील मिळवून देणं, एवढं आम्ही करायचो. त्यानंतर ती राहणार कुठे, या प्रश्नापाशी आमचं घोडं अडायचं. माहेर थोडे दिवस ठेवतं. सरकारी निवाऱ्यालाही मुदत असते. हाताचं प्लास्टर निघून, काही काम लागून, स्वतःचं भाडं स्वतः देता येईपर्यंत जो मधला काळ असतो, त्या काळाला छप्पर लागतं. कागदावर त्याला संक्रमण निवास म्हणतात. आमच्या संचालक ताईंनी अर्जामागून अर्ज लिहिले, तेव्हा कुठे मुंबईच्या एका देणगीदार संस्थेने वर्षाचं अनुदान दिलं. काम पटलं तर दुसरं वर्ष. त्या दुसऱ्या वर्षाच्या अनुदानातून प्रत्येकीला स्वतःची खोली घेऊन द्यायची होती, सुरुवातीचं भाडं भरायचं होतं. ते मिळालं नाही तर आलेल्या बाया जिथून पळून आल्या तिथेच परत जाणार, हे ताईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बायांना तर फारच चांगलं माहीत होतं.

जागा मात्र कुणी देईना. "नवरे येतीन ना मांगं," असं म्हणून घरमालक दार लावून घेत. शेवटी ताई पेंटरभाऊंकडे गेल्या, मी सोबत. त्यांनी एक डोळा मिटून सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे सीन बदलाचा टाइम," ते म्हणाले.

"काय म्हणालात?"

"नाटकात एक सीन संपते, दुसरा लागाचा असते. मधात पडदा पाडते. लोकाईले वाट्टे काही होऊनच नाई राह्यलं. पन मांगं लय कामं असते, बाई. तेवढ्या टायमात बाहेरून कोनी हाका नाई मारल्या पाहिजे."

"हो, तसंच," ताई घाईने म्हणाल्या. त्यांना भाड्याचं बोलायचं होतं.

गोदाम म्हणजे एकच लांबलचक खोली. भिंती घालायच्या तर अनुदानात बांधकाम बसत नव्हतं. पडदे आणि अंथरूण-पांघरूण मात्र बसत होतं. हे ऐकून पेंटरभाऊंचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही. इतकी वर्षं उंदरांनी कुरतडलेले त्यांचे महाल आणि जंगलं उलगडली गेली, बांबूंवर चढली, आणि गोदामात खोल्या झाल्या. प्रत्येक पडद्याची दोरी त्यांनी आतल्या बाजूला बांधली. बाहेरून पडदा उचलता येत नसे. आतली बाई दोरी ओढेल तेव्हाच तो वर जायचा. नवी बाई आली की ते तिला एकच विचारत, "तुले कोनता सीन पाहिजे?" दुसरा प्रश्न नाही. सगुणाबाईंनी एका क्षणात राजवाडा मागितला. "जनमभर चुलीपुढं बसलो, भाऊ. आता महाल."

त्या कुठल्याच पडद्यावर माणूस नव्हता. दरबारात राजा नाही, बागेत माळी नाही. मी एकदा विचारलं, माणसं काढता येत नाहीत का तुम्हाला? मला वाटलं चिडतील. पण ते नुसते हसले.

"येते ना. पन मानूस रंगवला का जागा अडते. पडदा मोकळा ठेवाचा असते. येनारा येते, उभा राह्यते, मंग सीन पुरा होते."

गोदामात शिरताना ते फाटकापासूनच ओरडत, "मी येऊन राह्यलो!" मग मधल्या दाराशी मोठ्याने खोकत, आणि पुन्हा, "येऊन राह्यलो बरं!" सुरुवातीला मला हसू आवरायचं नाही. बाया हसत नसत. त्या ज्या घरांतून आल्या होत्या, तिथे कुणी कळवून आत येत नसे. हे माझ्या डोक्यात शिरलं त्या दिवशी मला या तिरप्या म्हाताऱ्याबद्दल एकदम माया वाटली, आणि ती पुढे कधी कमी झाली नाही.

वनिता आली ती धान कापणीच्या आधी, कुरखेड्याकडच्या एका गावातून. डावा हात गळ्यात बांधलेला. तिने रस्ता मागितला. पेंटरभाऊंचा रोडसीन म्हणजे एक सुनसान डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि दूर टेकडीत नाहीसा होणारा शेवट. "रस्ता दिसू दे," एवढंच ती म्हणाली. खाटेवर बसून ती तासन्‌तास त्या रस्त्याकडे बघायची. उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखी. जेवायला हाक मारली की फार लांबून परत आल्यागत मान वळवायची.

हाक मारायची ती नावाने नाही. ताईंचा कडक नियम होता, अंगणात कुणाचं नाव घ्यायचं नाही. नवरे शोधत होते, वनिताचा तर गावोगाव फिरत होता. म्हणून बाया एकमेकींना महालवाली, जंगलवाली, बगीच्यावाली म्हणत. वनिता रोडवाली झाली. एकदा वाल सोलताना ती मला म्हणाली, "बाई, असंच चाललं तं माहं नाव मीच भुलून जाईन." हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

आणि अशा जागेला देणगीदारांची अट काय, तर दर्शनी बाजूला ठळक बोर्ड हवा. कुणाच्या मदतीने, कुणासाठी, सगळं मोठ्या अक्षरांत. अहवालात त्याचा फोटो हवा. ताईंनी कळवलं की इथे पत्ता गुप्त राहिला तरच बाया सुखरूप राहतात. उत्तर आलं, अट सर्वांना सारखीच आहे. ताईंनी पुन्हा कळवलं, पुन्हा तेच उत्तर आलं. ताई जेवेनाशा झाल्या.

"बोर्डच पाहिजे ना?" पेंटरभाऊ म्हणाले. "लावू."

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर फाटकावर लाल-पिवळ्या सावलीच्या अक्षरांत हा भला मोठा बोर्ड. रानपाखरू नाट्य रंगभूमी, वडसा. कोपऱ्यात एक पाखरू. ताई हातातली पिशवी टाकून ओरडल्या, "अहो, हे काय?"

"बाई, मले सांगा. एका घरात पाच-सा बाया राह्यते, पेट्या घेऊन येते, जाते. दुसऱ्या गावात लोक विचारतीन. वडशात काय म्हनतीन? कंपनी हाय. बोर्ड नसता तं विचारलं असतं."

आणि तसंच झालं. त्या दिवसापासून गल्लीतल्या नजरा निवळल्या. पानठेल्यावाल्याने तर मला नाटकाचे पास मागितले.

भानगड झाली ती दिवाळीनंतर. गावोगावची माणसं मोटरसायकलींवरून तारीख मागायला येऊ लागली. पेंटरभाऊ त्यांना अंगणात बसवत, चहा पाजत, डोळा मिटून गावाचं नाव विचारत आणि अत्यंत दुःखाने सांगत, "तारखा फुल हायेत." माणसं हळहळत परत जात आणि गावात जाऊन सांगत की रानपाखरूची तारीख मिळत नाही. जी कंपनी कधी उभीच राहिली नाही, तिचं नाव असं वाढत गेलं. एका पाहुण्याने माझ्यासमोर शपथ घेऊन सांगितलं की त्याने मागच्या साली आमचं नाटक पाहिलं होतं, आणि आमची नायिका फार रडवते.

देणगीदारांच्या बोर्डाचा फोटो तसाच राहिला होता. मुदत जवळ आली. तेव्हा पेंटरभाऊंनीच तोड काढली. गोदामाची दर्शनी बाजू देणगीदारांच्या बोर्डासकट मांजरपाटावर रंगवायची, पडदा अंगणात टांगायचा, फोटो काढायचा आणि पडदा गुंडाळून ठेवायचा. बोर्ड लागलाही आणि कुणाला दिसलाही नाही. ताईंनी कपाळाला हात लावला, पण हो म्हणाल्या. फक्त बजावलं, आहे तसंच काढा.

पेंटरभाऊंनी घर काढलं. दोन मजली. वरच्या मजल्याला बाल्कनी, बाल्कनीवर वेल, हिरव्या खिडक्या, आणि एका खिडकीत पिवळा उजेड. दारावर देणगीदारांचं नाव आणि 'संकटग्रस्त महिलांसाठी संक्रमण निवास'. ताई बघतच राहिल्या.

"एवढा मोठा कपडा, अन् निस्तं गोदाम काढू?" पेंटरभाऊ म्हणाले. "पाप लागन."

दुसरं रंगवायला वेळ नव्हता. संध्याकाळच्या उजेडात फोटो काढला, जरासा हलला, त्यामुळे तर तो फारच खरा दिसला. तो गेला. देणगीदारांचं उत्तर आलं, इतकं सुंदर घर आमच्या कुठल्याच प्रकल्पात नाही. त्यांनी तो फोटो आपल्या वार्षिक पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापला, आणि दुसऱ्या वर्षाचा निर्णय करण्याआधी आपले एक प्रतिनिधी घर बघायला येतील, असं कळवलं.

ते साहेब हिवाळ्यातल्या एका दुपारी आले. पुण्याचे, सौम्य बोलणारे, हातात ती पुस्तिका. दोन मजली घर शोधत गल्लीतून दोनदा पुढे जाऊन आले होते. ताईंनी त्यांना गोदाम दाखवलं. दोऱ्या आतून का आहेत, ते सांगितलं. साहेबांनी मन लावून ऐकलं. मग अंगणात येऊन त्यांनी पुस्तिका वर धरली आणि विचारलं, "ही बाल्कनी कुठल्या बाजूला आहे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"ते इथून नाई दिसत, साहेब," पेंटरभाऊ म्हणाले. "गुंडाळून ठेवली."

ते खरोखरच आत गेले आणि पडदा घेऊन आले. अंगणातल्या बांबूंवर टांगून सोडला. घर सळसळत खाली उतरलं, बाल्कनी, वेल, खिडकीतला उजेड, सगळं. साहेब पुस्तिकेकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघत खाटेवर बसले.

"हे मला लिहावं लागेल," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "तुमची अडचण मी समजू शकतो. पण खोटा फोटो पाठवलेल्या जागेला पुढचं अनुदान द्या, असं मी कसं सांगणार?"

"खोटं नाई, साहेब," पेंटरभाऊ म्हणाले. "घर अजून झालं नाई, एवढंच."

साहेब हसले नाहीत. आत गोदामात भांड्यांचा आवाज थांबला होता. सगळ्या ऐकत होत्या. मला वाटलं, संपलं. सगुणाबाईंचा महाल, वनिताची खोली, सगळं इथेच संपलं.

तेवढ्यात गल्लीत मोटरसायकल थांबली. दोघे जण उतरले, फाटकावरचा बोर्ड वाचू लागले. ताईंचा चेहरा पांढरा पडला. "वनिताचा नवरा," त्या खाटेशी वाकून साहेबांना आणि पेंटरभाऊंना ऐकू जाईल असं कुजबुजल्या. "ठाण्यात त्याने आम्हा दोघींना पाहिलंय." आणि माझा दंड धरून त्यांनी मला आत ओढलं.

मी राजवाड्यामागे सगुणाबाईंजवळ उभी राहिले. एका खांबाला उंदराने भोक पाडलं होतं, त्यातून अंगण दिसत होतं. तिथे आता पेंटरभाऊ होते, साहेब होते, आणि त्यांच्या मागे हाताएवढ्या अक्षरांत आमचं सगळं गुपित टांगलेलं होतं.

"रानपाखरू हेच काय?"

"हेच. या, बसा." पेंटरभाऊ तिरपे पुढे झाले.

"मंडईले नाटक पाहिजे होतं. लय नाव ऐकलं तुमचं." त्याची नजर पडद्यावर गेली. त्याने अक्षर-अक्षर लावून वाचलं. "हे काय होय?"

"नव्या नाटकाचा सीन. सामाजिक हाय."

"घर सोडून जानाऱ्या बायाईवर?"

"हो."

तो सोबतच्याकडे बघून म्हणाला, "माही बी गेली. शोधून राह्यलो. भेटू दे फक्त." अगदी साध्या आवाजात म्हणाला. दिसायला साधाच होता, धुतलेला शर्ट, कपाळाला घाम. मग त्याने साहेबांकडे बोट केलं. "अन् हे कोन?"

मी डावीकडे पाहिलं. वारा अजिबात नव्हता. महाल स्थिर होता, जंगल स्थिर होतं, आणि रोडसीनचा रस्ता मात्र टोकापासून टोकापर्यंत थरथरत होता. पलीकडे वनिताने दोरी धरून ठेवली होती.

साहेबांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला.

"मी दिग्दर्शक," ते म्हणाले.

"मंग सांगा ना, डायरेक्टरसाहेब. शेवटी ते बाई वापस येते का? आमच्या गावात वापस आलेली पाहिजे. नाई तं लोक खुर्च्या फेकतीन."

साहेबांनी वर त्या रंगवलेल्या खिडकीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "ती परत येत नाही."

"तारखा बी फुल हायेत," पेंटरभाऊ दुःखाने म्हणाले.

"मंग काय कामाचं," असं म्हणून तो उठला. चहासाठीही थांबला नाही. मोटरसायकलचा आवाज बाजाराकडे गेला, रेल्वे फाटकाकडे गेला, आणि ऐकू येईनासा झाला.

मग दोरी ओढल्याचा आवाज आला. रस्ता वर गेला, आणि वनिता बाहेर आली. अंगणात जाऊन ती त्या रंगवलेल्या दारापुढे उभी राहिली. पेंटरभाऊंनी सवयीने एक डोळा मिटला आणि तिच्याकडे बघत राहिले. त्या पडद्यापुढे तोवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "खरंच नाई येत ना ते वापस?"

"ते तुमच्यावर आहे," साहेब म्हणाले. मग हातातली पुस्तिका मिटून म्हणाले, "आणि थोडं आमच्यावरही."

जाताना पेंटरभाऊ त्यांना स्टेशनापर्यंत सोडायला गेले. वाटेत म्हणाले म्हणे, "पार्ट चांगला झाला, साहेब. पन चष्मा पुसाले टाइम लय घेतला."

साहेबांनी काय लिहिलं, ते आम्हाला कधी कळलं नाही. दुसऱ्या वर्षाचं अनुदान आलं. सोबत एका ओळीत होतं की अशा निवासांना यापुढे बोर्डाची अट नाही. पुढच्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर एक कमळ होतं.

उन्हाळा संपता संपता वनिताला आरमोरीला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम लागलं. कोर्टाचा मनाई हुकूम झाला होता, नवऱ्याला तिच्या आसपास फिरकायला बंदी होती. अनुदानातून तिला तिथे एक खोली घेऊन दिली. निघायच्या आधी ती पडवीत पेंटरभाऊंकडे गेली. मी तिथेच बसले होते.

"भाऊ, एक बोर्ड लिवून द्या."

"कोनत्या कंपनीचा?"

"माह्या नावाचा."

पेंटरभाऊंनी दोन्ही डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी त्यांना तसं बघताना पहिल्यांदाच पाहत होते. "पुरं नाव लिवाचं?"

"वनिता. बस, तेवढंच."

ताईंना काळजी वाटली. आजवर जे नाव अंगणातसुद्धा घेतलं नाही, ते रस्त्यावर टांगायचं? कुणी वाचलं तर? "वाचू दे ना, ताई," वनिता म्हणाली. "वाचाले तं लिवून राह्यलो."

पेंटरभाऊंना लहान अक्षर काढता येत नसे. त्यांनी कंपनीचा बोर्ड असतो तसाच रंगवला, लाल अक्षरं, पिवळी सावली, कडेने चमकी. तो खोलीच्या दारापेक्षा रुंद झाला. शेवटी दार आणि खिडकी मिळून दोन्हींवर आडवा ठोकावा लागला. तो त्यांचा शेवटचा बोर्ड. पेंटरभाऊ आता नाहीत. पडदे आहेत, दोऱ्या आतूनच आहेत, आणि फाटकाशी येऊन खोकणारं कुणी नाही, याची मला अजून सवय होत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी वनिताकडे गेले होते. चहा घेत बसलो होतो, दुपार पेंगुळली होती, मी पुन्हा त्या हलणाऱ्या राजवाड्याचं काहीतरी बोलत होते. बाहेर मोटरसायकल थांबली. दोन माणसं बोर्डाखाली उभी राहून काहीतरी बोलत होती. वनिताचा कप हातातच थांबला. मी उठू लागले, तर तिने मला हाताने खाली बसवलं, स्वतः दाराशी गेली, आणि कडी काढली.

"नवीन कंपनी हाय काय, बाई? आमच्या मंडईले तारीख भेटन का?"

"कंपनी नाई, भाऊ," वनिता म्हणाली. "हे माहं नाव हाय. मी राह्यतो इथी."